बाबांच्या कानातले रातकिडे आणि चुंबकाचं पॅकेज

डिचोली तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

«माझे बाबा ५८ वर्षांचे. खाणीवरच्या क्रशर प्लांटवर त्यांनी २१ वर्षं काढली, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा घरी आले. गेली चार वर्षं दोन्ही कानांत रातकिडे किरकिरावेत तसा आवाज येतो, डाव्या कानात जास्त. रात्री दोनला जाग येते ती येतेच. कौलांवर पाऊस वाजत असला की बरे झोपतात, चतुर्थी उलटून पाऊस ओसरला की पुन्हा तेच. गुरुवारचं भजन सोडलंय, टाळ कानात घुसतात म्हणतात. डॉक्टरांनी तीन महिने बीटाहिस्टीन दिलं आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम. गुण नाही. शेजारच्या राज्यातल्या एका केंद्रानं मेंदूला चुंबकानं उत्तेजन देण्याच्या २० सिटिंगचं ९० हजारांचं पॅकेज सांगितलंय. ‘दहातल्या आठ जणांचा आवाज जातो’ म्हणाले. आई पाटल्या मोडायला तयार आहे. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर डोक्याला सौम्य करंट द्यायचं सर्किट नेटवर आहे, ते घरीच करून बघावं का? बाबांना बीपी आहे, विशीत एकदा फिट येऊन पडले होते, बाकी काही नाही. हल्ली अधूनमधून ‘यापेक्षा गेलेलं बरं’ म्हणतात.»

नमस्कार.

पाटल्या मोडू नका आणि ते सर्किट बाबांच्या डोक्याला लावू नका. का, ते सविस्तर सांगतो. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी, ज्या तुम्ही शेवटी ओझरत्या लिहिल्या आहेत.

‘यापेक्षा गेलेलं बरं’ हे वाक्य कंटाळून निघालं असेल असं धरून चालू नका. आज संध्याकाळी बाबांजवळ बसून सरळ विचारा: ‘बाबा, जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनातलं बोलायला वाट मिळते. हो म्हणाले, किंवा नुसते गप्प राहिले, तर त्यांना एकटं ठेवू नका. गोळ्यांच्या पट्ट्या आणि शेतातली फवारणीची औषधं त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा आणि बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत, आयपीएचबीत घेऊन जा. रात्रीअपरात्री १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे. कानातल्या आवाजाबरोबर नैराश्य येणं फार सर्रास घडतं. नैराश्य हटलं की आवाज तेवढाच राहूनही माणसाला तो पेलता येतो, म्हणून ही बाजू आधी बघायची.

दुसरी गोष्ट ती विशीतली फिट. चुंबकाच्या उपचारात सर्वांत गंभीर धोका फिट येण्याचाच असतो. तो विरळ आहे, पण ज्याला आधी फिट आलेली आहे त्याच्या बाबतीत मेंदूविकारतज्ज्ञानं तपासून हो म्हटल्याशिवाय चुंबकाची कॉइल डोक्याजवळ नेऊ नये. त्या केंद्रानं पॅकेजची रक्कम सांगण्याआधी हा प्रश्न विचारला होता का? विचारला नसेल तर एवढ्यावरूनच तिथलं काम कसं चालतं ते कळतं. शिवाय बाबा क्लोनाझेपाम घेतात. ते एकदम बंद केलं तर त्यानंच फिट येऊ शकते. ‘सिटिंगच्या आधी झोपेच्या गोळ्या सोडा’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवायची असते.

आता त्या आवाजाकडे येऊ. बाहेर काही वाजत नसताना कानात येणाऱ्या अशा आवाजाला कर्णनाद म्हणतात. हा शब्द आपल्याकडे जुना आहे, सुश्रुतानं कानाच्या रोगांत तो मोजलेला आहे. क्रशरजवळ वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसात बहुधा असं होतं: कानाच्या आतल्या शंखाकृती भागात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात, त्यातल्या उंच पट्टीचे सूर टिपणाऱ्या पेशी मोठ्या आवाजानं मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. त्या पट्टीतून मेंदूकडे जाणारा सिग्नल घटतो. तुम्ही इलेक्ट्रिकलचे आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. इनपुट कमी झालं म्हणून मेंदू गेन, म्हणजे आलेला सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, वाढवतो, आणि गेन वाढवला की सर्किटमधली मूळची खरखरही मोठी होते. तीच बाबांना रातकिड्यांसारखी ऐकू येते. टाळ असह्य होतात तेही याच वाढलेल्या गेनमुळे असू शकतं. म्हणजे आवाजाचं कारण कानात असलं तरी आवाज तयार होतो मेंदूत, आणि म्हणूनच मेंदूवर उपचार करून बघावा ही कल्पना निघाली. कल्पना खोटी नाही. प्रश्न एवढाच की हाताला काय लागलं.

चुंबकीय उत्तेजन, म्हणजे टीएमएस, १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा माणसाच्या मेंदूवर दाखवलं. इंग्रजी आठाच्या आकाराची तांब्याची कॉइल डोक्याला टेकवतात, तिच्यातून क्षणभर प्रचंड करंट सोडतात. दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाच्या काही हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात उठतं आणि विरतं, त्यानं कवटीखालच्या मेंदूत बारीक करंट तयार होतो. ट्रान्सफॉर्मरचंच तत्त्व. सेकंदाला एक पल्स या संथ लयीत बराच वेळ दिलं तर त्या भागाची उत्तेजना कमी होते, जलद लयीत दिलं तर वाढते, असा ढोबळ नियम. कर्णनादात ऐकण्याचा भाग शांत करायचा म्हणून संथ लय निवडतात.

नैराश्यासाठी या उपचाराला एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं, २००८ मध्ये मान्यता दिली आणि तिथं त्याचा उपयोग सिद्ध आहे. कर्णनादासाठी मान्यता नाही. केंद्राच्या माहितीपत्रकात ‘एफडीए मान्य’ असं छापलेलं असेल तर ते यंत्राबद्दल आणि नैराश्याबद्दल खरं असतं, बाबांच्या तक्रारीबद्दल नसतं. ही गफलत बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

‘दहातल्या आठ’ या आकड्याचंही बघू. या उपचाराच्या बाजूनं सर्वांत जास्त दाखवला जाणारा अभ्यास अमेरिकेत पोर्टलंडच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. सेकंदाला एक पल्स, रोज २०००, कामाचे सलग दहा दिवस. खरी कॉइल मिळालेल्या ३२ जणांपैकी १८ जणांना, म्हणजे ५६ टक्क्यांना फरक पडला. खोटी, म्हणजे नुसता तसा देखावा करणारी कॉइल मिळालेल्या ३२ पैकी ७ जणांनाही पडला. फरक पडला याचा अर्थ त्रासाचे गुण उतरले, आवाज गेला असा नव्हे. दहातल्या आठ जणांचा आवाज जातो हे या सर्वांत चांगल्या निकालातही कुठं नाही. मग २०१७ मध्ये जर्मनीतल्या अनेक केंद्रांनी मिळून १६३ रुग्णांवर तसाच दहा दिवसांचा प्रयोग केला. त्यात खरी कॉइल खोट्या कॉइलपेक्षा सरस ठरली नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलं होतं की कर्णनादावर नेहमीचा उपचार म्हणून टीएमएस देऊ नये. २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शिकेचाही कौल तोच, चुंबकाबद्दलही आणि करंटबद्दलही.

निकाल असे उलटसुलट का येतात, हे कळलं तर निर्णय घेणं सोपं जाईल. एक तर ऐकण्याचा मुख्य भाग कानामागच्या कवटीला चिकटून नसतो, मेंदूच्या बाजूच्या खोल घडीत लपलेला असतो. कॉइलचा जोर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच नीट पोहोचतो, म्हणजे त्याच्या शेजारच्या भागापर्यंत. दुसरं म्हणजे सगळ्यांचा कर्णनाद एक नसतो. कोणाचा बहिरेपणातून येतो, कोणाचा मानेच्या किंवा जबड्याच्या स्नायूंतून, आणि एकाच मापानं सगळ्यांना टोपी शिवली जाते. तिसरं, कर्णनाद आपण होऊन कमीजास्त होतो. माणूस उपचाराला जातो तो तो शिगेला पोहोचलेला असताना, त्यामुळे पुढच्या दोन आठवड्यांत काही न करताही थोडा उतार पडायचाच. आणि चौथं, डोक्यावर टक-टक आवाज करणारं एवढं मोठं यंत्र, रोजची ये-जा, मोजलेले पैसे, हे सगळं मिळून आशा तयार होते आणि आशेनंही त्रास थोडा हलका वाटतो. तो हलकेपणा खोटा नाही, पण त्यासाठी ९० हजार मोजायची गरज नाही.

इतकं सांगूनही घरातल्यांनी जायचंच ठरवलं आणि मेंदूविकारतज्ज्ञानं परवानगी दिली, तर निदान काम नीट होतंय का हे तुम्हाला ओळखता यावं.

पहिल्या दिवशी बाबांची मोटर थ्रेशोल्ड मोजली गेलीच पाहिजे. कॉइल डोक्याच्या हालचालीच्या भागावर धरून विरुद्ध हाताचा अंगठा किती ताकदीला उडतो ते बघतात. दहा पल्सपैकी पाच वेळा उडेल अशी कमीत कमी ताकद ही त्या माणसाची पातळी. उपचाराची ताकद तिच्या प्रमाणात ठरते, त्या अभ्यासांत ती साधारण ११० टक्के असते. ‘सगळ्यांना यंत्राच्या ६० टक्क्यांवर ठेवतो’ असं उत्तर आलं तर उठून या. जागा टोपीवर खूण करून किंवा मोजपट्टीनं नेमकी ठरवलेली हवी, बहुधा डाव्या कानाच्या वर थोडी मागे. रोज अंदाजानं धरली तर कॉइल एक-दोन सेंटिमीटर सरकते आणि मग आपण कुठं पल्स देतोय हेच राहत नाही. सेकंदाला एक या लयीत २००० पल्सना ३३ मिनिटं लागतात. दहा मिनिटांत ‘झालं’ म्हणाले तर पद्धत कोणती वापरली ते लिहून मागा.

आणि कानात बोळे. हे फार महत्त्वाचं आहे आणि यातच ढिलाई होते. प्रत्येक पल्सला कॉइल जो कडाका काढते तो क्षणभर १०० डेसिबलच्या वर जातो, आणि ती असते कानापासून चार बोटांवर. ज्याचे कान आवाजानंच गेलेत त्याला दोन्ही कानांत फोमचे बोळे नीट पिळून खोलवर घातल्याशिवाय बसवूच नये. बोळे न घालता दिलेल्या सिटिंगनंतर आवाज वाढलेला असेल तर तो उपचाराचा ‘परिणाम दिसतोय’ असा अर्थ नव्हे. कानशिलाचा आणि जबड्याचा स्नायू उडणं, डोकं दुखणं हे मात्र अपेक्षित आहे, साध्या पॅरासिटॅमॉलनं जातं. आदल्या रात्री जागरण आणि दारू दोन्ही नको, दोन्हींनी फिट येण्याची शक्यता वाढते.

बाबांच्या अंगात लोखंडाचा कण नाही ना, हेही विचारा. क्रशरवर, ग्राइंडरजवळ, वेल्डिंगपाशी काम केलेल्यांच्या डोळ्यात किंवा चेहऱ्याच्या कातडीत बारीक तुकडा रुतलेला असू शकतो आणि माणूस तो विसरूनही जातो. एमआरआयच्या आधी आणि कॉइलच्या आधी, दोन्ही वेळा हे सांगायचं. पेसमेकर, कानाच्या आत बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली धातूची क्लिप असेल तर टीएमएसचा विषयच बंद.

पैसे सिटिंगगणिक द्या, आगाऊ २० चे नव्हे. सुरुवातीला, दहाव्या सिटिंगनंतर आणि तीन महिन्यांनी कर्णनादाची प्रश्नावली भरून घ्या. टीएचआय नावाची २५ प्रश्नांची प्रश्नावली सर्वत्र वापरतात: होला ४ गुण, कधीकधीला २, नाहीला ०, म्हणजे एकूण शंभरपैकी. सात गुणांच्या आतला फरक फरक धरू नका. दहा सिटिंगनंतर गुण तिथंच असतील तर थांबा, उरलेल्या दहानं चमत्कार होत नाही. आणि केंद्र म्हणालं की हे संशोधन आहे, तर त्याची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असायला हवी, ती कोणालाही नेटवर बघता येते, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. पॅकेज आणि संशोधन या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

आता तुमचं नऊ व्होल्टचं सर्किट. या उपचाराला टीडीसीएस म्हणतात. प्रयोगशाळेत तो १ ते २ मिलिअँपिअर करंटनं, ३५ चौरस सेंटिमीटरचे मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज लावून, २० मिनिटं देतात. आकडे किरकोळ दिसतात आणि तिथंच फसायला होतं. स्पंज सुकत गेला की रोध वाढतो. कॉन्स्टंट करंट सोर्स तेवढाच करंट ढकलण्यासाठी व्होल्टेज वाढवत नेतो, आणि सगळा करंट जिथं एखादा ओला ठिपका उरला असेल तिथून जातो. तिथं कातडी भाजते. वायर मध्येच निसटली तर करंट एकदम तुटतो, डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखं होतं आणि जोराचा झटका जाणवतो. म्हणून खरी यंत्रं करंट ३० सेकंदांत हळूहळू चढवतात आणि तसाच उतरवतात, रोध सतत मोजतात आणि हद्द ओलांडली की बंद होतात. नेटवरच्या सर्किटात बहुधा एक रेग्युलेटर आणि एक रोधक असतो, बाकी काही नाही.

समजा तुम्ही हे सगळं उत्तम बनवलंत. बनवालही. तरी अडचण सर्किटात नाही, मेंदूत आहे. धन टोकाखाली उत्तेजना वाढते आणि ऋण टोकाखाली घटते हा पुस्तकी नियमही पक्का नाही. २०१३ च्या एका प्रयोगात निरोगी माणसांना २ मिलिअँपिअर २० मिनिटं दिल्यावर ऋण टोकाखालीही उत्तेजना वाढलेलीच आढळली. म्हणजे करंट दुप्पट केला तर परिणाम दुप्पट होत नाही, उलटूही शकतो. शिवाय बराचसा करंट कवटीच्या आत न शिरता कातडीतूनच पलीकडे जातो. फिटचा इतिहास असलेल्या वडिलांवर हे घरच्या खोलीत करायचं नाही.

मध्यंतरी जिभेवर सौम्य करंट आणि कानात सूर एकाच वेळी देणाऱ्या लेनिअर नावाच्या यंत्राला एफडीएनं मार्च २०२३ मध्ये मान्यता दिली, त्याच्या जाहिराती तुम्हाला दिसतील. तो वेगळा प्रकार आहे, डोक्यावर काही लावत नाहीत. त्याच्या ३२६ जणांच्या मोठ्या अभ्यासात वेगवेगळ्या सेटिंगची आपसांत तुलना होती, खोट्या यंत्राशी नव्हती. घाई करण्यासारखं त्यात काही नाही.

मग करायचं काय? तुमच्या पत्रात चार वर्षांचा त्रास आहे, गोळ्या आहेत, पॅकेज आहे, पण एकाही ऐकण्याच्या चाचणीचा उल्लेख नाही. सुरुवात तिथून. गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कान-नाक-घसा ओपीडीत जा. आधी कान आतून बघतील. आपल्या दमट हवेत, त्यात पावसाळ्यात कोमट तेल घालायची आणि काडी फिरवायची सवय असली की कानात बुरशी आणि मळ साचलेला असतो, नुसता तो काढल्यानंही आवाज थोडा उतरलेला दिसतो. घरी तेल घालणं बंद करा. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट मधल्या कानात जातं.

मग बंद खोलीत ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचे सूर किती ऐकू येतात त्याचा आलेख, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत. चाचणीच्या आदल्या दिवसापासून मोठ्या आवाजापासून लांब राहू द्या. क्रशरवाल्यांचा आलेख बहुधा ओळखू येतो: खालचे सूर ठीक, ४००० हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा. ‘बाबांना ऐकायला येतं’ असं घरी वाटतं कारण खालचे सूर येत असतात. स, श, त, क अशी व्यंजनं मात्र गळून पडलेली असतात, आणि टीव्हीचा आवाज वाढत जातो. डाव्या-उजव्या कानात ठळक फरक निघाला तर डॉक्टर ऐकण्याच्या नसेचा एमआरआय सांगतील. तो टाळू नका. एका बाजूच्या आवाजामागे क्वचित त्या नसेवरची गाठ असते. नाडीच्या ठोक्याबरोबर धप्-धप् करणारा आवाज असेल तर तोही आवर्जून सांगा, त्याची तपासणी वेगळी. आणि इथून पुढे कधीही एका कानाचं ऐकू येणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं तर ‘सर्दी असेल’ म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो.

बहिरेपण निघालं तर श्रवणयंत्र हाच बाबांसाठी सर्वांत चांगला पैशांचा उपयोग आहे. पॅकेजच्या रकमेत दोन्ही कानांची चांगली यंत्रं येतात. हरवलेल्या पट्टीचे सूर पुन्हा आत जायला लागले की मेंदूला गेन ताणून धरायचं कारण कमी होतं, आणि भोवतालच्या आवाजात रातकिडे विरतात. यंत्राच्या टोकाला कानात बसणारा मऊ डोम असतो, तो कानाचं भोक पूर्ण बंद न करणारा, उघडा मागा. बंद डोमनं स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा येतो आणि बाहेरचे खालचे सूर अडून आतला आवाज उठून दिसतो. पहिल्या आठवड्यात दोन-तीन तास, मग वाढवत दिवसभर. पंधरा दिवसांत ‘उपयोग नाही’ म्हणून कपाटात ठेवू नका, तेवढ्यात फक्त कान सरावतो. ऑडिओलॉजिस्ट पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला हवा, दुकानातला विक्रेता नव्हे, आणि महिन्याभरात दोनदा तरी यंत्र पुन्हा जुळवून घ्यायचं. गोव्यात यंत्रं मरतात ती घामानं आणि दमटपणानं. रात्री बॅटरीचं झाकण उघडून सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, जेलचे खडे रंग बदलले की वाळवा किंवा बदला. एवढ्यानं दुरुस्तीच्या बऱ्याच फेऱ्या वाचतात.

पावसाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते आम्हाला सगळ्या पत्रात सर्वांत मोलाचं वाटलं. बाबांचा आवाज बाहेरच्या आवाजानं झाकला जातो, हे त्यांच्या घराच्या कौलांनीच दाखवून दिलं आहे. तर येत्या श्रावणात, वीज-गडगडाट नसलेल्या एखाद्या संततधारेच्या रात्री, फोनवर तासभर तोच पाऊस रेकॉर्ड करून ठेवा. तोवर टेबलफॅन चालेल. स्पीकर पलंगापासून हातभर लांब ठेवा, हेडफोन नको. आवाज रातकिड्यांना पूर्ण बुडवेल इतका मोठा करू नका. दोन्ही एकमेकांत मिसळतील, रातकिडे किंचित वर राहतील इतकाच ठेवा. पूर्ण बुडवलं तर मेंदूला त्या आवाजाची सवय होत नाही आणि बंद केल्यावर तो दुप्पट वाटतो. आणि टायमर लावू नका. रात्री दोनच्या सुमाराला पाऊस थांबला की त्या शांततेनंच जाग येईल. तरीही जाग आली आणि वीस मिनिटांत झोप लागेना, तर अंथरुणात कूस बदलत न राहता उठून ओसरीवर बसावं, डोळे जड झाले की परत यावं. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच.

बीटाहिस्टीन अजून चालू असेल तर ते थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. ब्रिटनच्या २०२० च्या मार्गदर्शिकेनं नुसत्या कर्णनादासाठी ते देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. जिंकगो आणि झिंकच्या डब्यांवरही पैसे घालू नका.

ज्या उपचाराला सर्वांत भक्कम आधार आहे त्याची कोणी जाहिरात करत नाही, कारण त्यात यंत्र नाही. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याची समुपदेशन पद्धत. कॉक्रेन ही जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०२० च्या आढाव्यात २८ अभ्यास आणि २७३३ रुग्ण होते. त्यातून दिसलं की सीबीटीनं आवाजाचा त्रास कमी होतो. आवाज तेवढाच राहतो, पण तो धोक्याची घंटा राहत नाही. मानसशास्त्रज्ञ बाबांबरोबर बसून शोधतात की आवाज ऐकू आल्यावर पहिला विचार कोणता येतो, दिवसातून किती वेळा ‘आहे का अजून’ म्हणून ते कान देऊन बघतात, कशाकशापासून पळतात. मग एकेक गोष्ट उलटी करायची. दोन-तीन महिने लागतात. आयपीएचबीत चौकशी करा, तिथं नैराश्याकडेही त्याच वेळी बघितलं जाईल. आणि नैराश्य खरोखर मोठं निघालं, गोळ्यांना दाद देत नसलं, तर मानसोपचारतज्ज्ञ स्वतःच टीएमएसचा विचार करतील. तेव्हा तो रास्त उपचार असेल. फिटचा प्रश्न तेव्हाही आधी सुटायला हवा.

ओपीडीला जाताना गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, बीपीच्या औषधांची नावं आणि एका कागदावर क्रशरवरची वर्षं, रोजचे तास आणि कानात काही घालत होते की नाही हे लिहून न्या. बीपीच्या काही गोळ्या, सांधेदुखीवर भरपूर घेतलेली ॲस्पिरिन यांनीही कानात आवाज वाढतो, म्हणून ती यादी डॉक्टरांना दाखवायचीच.

राहिलं भजन. टाळ टोचतात म्हणून घरात कापसाचे बोळे घालून बसणं ही सर्वांत वाईट सवय, शांततेत कान आणखी हळवा होतो. बोळे शिगम्याच्या ढोल-ताशांपुढे आणि दारूकामाजवळ हवेत, एरवी नकोत. पुढच्या गुरुवारी बाबांना अर्ध्या तासापुरतं घेऊन जा. टाळकऱ्यांच्या रांगेपासून लांब, पेटीच्या बाजूला, भिंतीला पाठ न लावता बसवा. त्यापुढच्या गुरुवारी पाऊण तास.